चित्रापुढचे मौन आणि मराठी समीक्षा

चित्र एकट्याने पाहावे, निमूटपणे पाहावे आणि पाहून झाल्यावर शक्यतो काही बोलू नये, असा एक दंडक आपल्या सुशिक्षित रसिकवर्गात रुजला आहे. त्याला कोणी संयम म्हणतो, कोणी अभिरुचीची खूण मानतो. प्रस्तुत लेखकाच्या मते हा दंडक अभिरुचीतून आलेला नसून चुकीचे बोलण्याच्या भयातून आलेला आहे. आणि मराठी कलासमीक्षेच्या दुबळेपणाशी त्याचा थेट संबंध आहे.

मुंबईतील एका कलादालनात आम्ही तिघे मित्र एका तरुण चित्रकाराचे प्रदर्शन पाहत होतो. एका मोठ्या राखाडी कॅनव्हाससमोर थबकलो. उजव्या कोपऱ्यात गेरूचा एक पट्टा, बाकी सारा राखाडी रंग. एक मित्र म्हणाला, ‘हे चित्र रिकामे आहे.’ दुसरा म्हणाला, ‘रिकामे नाही, थांबलेले आहे.’ थांबलेले कशावरून, असे विचारताच त्याला पट्ट्याच्या कडा दाखवाव्या लागल्या : खालची कापल्यासारखी सरळ, वरची राखाडीत विरत गेलेली. तोवर मी तो पट्टा सपाटच समजत होतो. पहिल्याने माघार घेतली नाही. ‘मग ते अर्धवट आहे’ असे म्हणून त्याने वाद पुढे नेला. एवढ्यात तेथील कर्मचाऱ्याने आम्हांला प्रथम हळू बोलण्यास आणि मग न बोलण्यास सांगितले. शेजारी चार-पाच प्रेक्षक भिंतीवरची इंग्रजी टीप वाचून, चित्राकडे एक नजर टाकून पुढे सरकत होते. त्यांना हटकण्याचे कोणाला कारण नव्हते.

या मौनामागे जी सैद्धांतिक पुण्याई सांगितली जाते, ती बहुधा मर्ढेकरांच्या नावावर जमा असते. सौंदर्यानुभव स्वायत्त आहे, म्हणून तो खाजगी आहे, म्हणून त्याविषयीचे बोलणे उपरे आहे, अशी ही साखळी. तिची पहिली कडी मर्ढेकरांची असेल. पुढच्या दोन त्यांच्या नव्हेत. संवाद, विरोध, समतोल ही मर्ढेकरांच्या लयविचाराची तत्त्वे संवेदनांमधील नात्यांविषयी बोलतात. संवेदना ज्याची त्याची असेल. नाते मात्र दाखवता येते, आणि दाखवायचे तर समोर दुसरा माणूस लागतो. आमच्या मित्राने पट्ट्याच्या दोन कडा दाखवल्या, तेव्हा तो विरोधतत्त्वाचेच उपयोजन करीत होता, फक्त त्याने त्या शब्दाचा उच्चार केला नाही.

कांटने हा मुद्दा १७९० मध्येच मांडला होता. एखादे पेय ‘मला’ आवडते असे म्हणणाऱ्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. पण एखादी वस्तू ‘माझ्यापुरती’ सुंदर आहे असे म्हणणे त्याला हास्यास्पद वाटते. सौंदर्यविधान इतरांच्या संमतीवर हक्क सांगते. ते पुराव्याने सिद्ध करता येत नाही, तरी त्यावर भांडता येते. रा. भा. पाटणकरांनी कांटचा हा विचार मराठीत सविस्तर आणला, त्याला आता अर्धशतक होत आले. आपण तो परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत लिहितो आणि कलादालनात विसरतो.

येथे एक आक्षेप संभवतो. मित्रांच्या बोलण्यात चित्र हरवते. चित्रकाराचे किस्से, चित्राची किंमत, उद्‌घाटनाला कोण आले होते, यांचीच चर्चा होते. हा आक्षेप खरा आहे. शिवाय मित्र एकमेकांना सांभाळून घेतात, आणि परस्परप्रशंसेचे कंपू असेच तयार होतात. परंतु यावरचा उपाय मौन नव्हे, अधिक कठोर मैत्री हा आहे. दिदरोने १७५९ पासून पॅरिसच्या प्रदर्शनांवर जे लिहिले, ते ग्रिम या मित्राला उद्देशून, त्याच्या हस्तलिखित नियतकालिकासाठी. युरोपीय कलासमीक्षेच्या आरंभीचे हे लेखन वाद घालणाऱ्या, मध्येच प्रश्न विचारणाऱ्या, स्वतःचे मत बदलणाऱ्या माणसाचे आहे. समोर मित्र गृहीत धरल्यामुळेच त्याला चित्राचे तपशील द्यावे लागले, कारण ग्रिमच्या दूरदेशीच्या वाचकांना चित्रे दिसत नव्हती.

मुंबईतही अशी जागा होती. जहांगीर कलादालनातले ‘समोवार’ १९६४ मध्ये सुरू झाले आणि २०१५ मध्ये बंद पडले. चित्र पाहून दहा पावलांवर चहा घेत त्याच चित्रावर भांडता येई, आणि भांडण न मिटल्यास पुन्हा आत जाऊन पाहता येई. ही सोय गेल्याचे दुःख स्मरणरंजनाचे नाही. पुन्हा आत जाऊन पाहणे ही समीक्षेची कृती आहे, आणि ती वादाशिवाय सहसा घडत नाही.

मौनाचा दंडक निरुपद्रवी नसतो, याचा दाखला फेब्रुवारी २०१९ मध्ये मिळाला. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या मुंबई दालनात प्रभाकर बरवे यांच्या चित्रांच्या प्रदर्शनाचे उद्‌घाटन होते. अमोल पालेकर संग्रहालयाच्या कलावंत सल्लागार समित्यांच्या बरखास्तीविषयी बोलू लागले, तेव्हा त्यांना मध्येच थांबवून बरव्यांविषयीच बोलण्यास सांगण्यात आले. प्रदर्शनाविषयीचे बोलणे कोठे संपते हे संस्थाच ठरवू लागल्या, की भिंतीवरील टीप हीच एकमेव समीक्षा उरते.

आणि ती टीप मराठीत नसते. ‘कोरा कॅनव्हास’सारखे पुस्तक लिहिणाऱ्या बरव्यांनी चित्रकाराचा विचार मराठीत किती नेमका होऊ शकतो हे दाखवून दिले. पण शब्द एकट्या लेखकाच्या टेबलावर टिकत नाहीत. ‘रिकामे’, ‘थांबलेले’, ‘अर्धवट’ या तीन साध्या शब्दांत जो फरक आहे, तो त्या भिंतीपुढे तिघांनी ताणून पाहिला म्हणून हाती लागला. अशी शेकडो भांडणे होतील, तेव्हा कुठे चित्राविषयीची परिभाषा भाषेत मुरेल. कोशातून ती उतरणार नाही.

म्हणून पदव्युत्तर विद्यार्थ्यांना एवढेच सांगणे आहे : प्रदर्शनाला एकटे जाऊ नका, सहमत होणाऱ्याबरोबर तर मुळीच जाऊ नका. टीप शेवटी वाचा. आणि कोणी गप्प राहण्यास सांगितले, तर बाहेर पायऱ्यांवर बसून वाद पुरा करा, मग पुन्हा आत जा. आम्ही त्या दिवशी तसे केले नाही. तो पट्टा अर्धवट होता की थांबलेला, हे त्यामुळे आजही अनिर्णीत आहे. आणि प्रदर्शन उतरले आहे.