व्हिडीओ गेमला जादा पैसे मोजावेत काय?

परीक्षा संपल्या की नांदेडच्या वजिराबादेत, लातूरच्या गंजगोलाईत पालक मुलांना घेऊन खरेदीला येतात. काचेच्या कपाटात काही शे रुपयांचा, हातात धरून खेळायचा व्हिडीओ गेम असतो. मुलाने मात्र मित्राच्या मोबाईलवर पंचवीस हजारांचा पाहिलेला असतो. हट्ट मुलाचा, पैसा घामाचा. म्हणून आम्ही या प्रश्नाकडे हिशेबाच्या वहीतून पाहू इच्छितो.

जपानच्या निन्टेंडो कंपनीत गुनपेई योकोई नावाचे तंत्रज्ञ होते. पत्ते बनविणाऱ्या यंत्रांच्या देखभालीसाठी ते १९६५ साली नोकरीला लागले. पुढे १९८९ साली त्यांच्याच हाताखाली ‘गेम बॉय’ तयार झाला. जुने, स्वस्त पण खात्रीचे तंत्र घ्यावे व त्याचा नवा उपयोग करावा, ही त्यांची रीत. गेम बॉयला रंग नव्हते. सेगा कंपनीचा ‘गेम गियर’ रंगीत होता. अमेरिकेत पहिला सुमारे ९० डॉलरला, तर दुसरा १५० डॉलरला मिळे. परंतु गेम गियर सहा पेन्सिल सेल तीन ते पाच तासांत संपवी. गेम बॉय चार सेलवर त्याहून कितीतरी जास्त चाले. लोकांनी स्वस्तच उचलला. तो आणि त्याचा १९९८ चा रंगीत प्रकार मिळून ११ कोटींहून अधिक यंत्रे खपली. वस्तू घेतल्यावर ती चालवायला काय खर्च येतो, हे घेणाऱ्यांना कळत होते.

अर्थात स्वस्तातही फसवणूक असते. विटा रचण्याच्या जुन्या गेमवर ‘९९९९ खेळ’ असे छापलेले असे. प्रत्यक्षात खेळ मोजकेच. वेग व पातळी बदलून तेच पुन्हा मोजलेले! आज ‘४०० खेळ’ म्हणून विकल्या जाणाऱ्या यंत्रांतही बरेचसे खेळ १९८० च्या दशकातले, मूळ कंपनीच्या परवानगीविना उतरविलेले असतात. तेव्हा आकड्यासाठी एक रुपयाही जादा देऊ नये. बटणे दाबून पाहावीत. झाकण उघडून बॅटरी बदलता येते काय, ते पाहावे. साध्या मोबाईलची बॅटरी बसत असेल तर ती कोणत्याही दुरुस्तीवाल्याकडे मिळते. अशा टिकाऊपणासाठी शंभर रुपये जास्त गेले तरी ते वाया जात नाहीत.

आता महागड्या यंत्राचे. निन्टेंडोचा ‘स्विच’ २०१७ साली अमेरिकेत ३०० डॉलरला निघाला. त्याचा एकेक मोठा खेळ ६० डॉलरचा. म्हणजे पाच खेळ घेतले की यंत्राची किंमत पुन्हा एकदा मोजली! यंत्र उत्तम आहे, हे आम्ही नाकारीत नाही. पण थोरली मुलगी लातूरला खोली घेऊन शिकवणीला असेल, तर हाच पैसा तिच्या मेसचा व खोलीभाड्याचा आहे. कर्ज काढून किंवा हप्त्यावर तर हे यंत्र मुळीच घेऊ नये.

मग मोबाईलवर फुकट खेळू द्यावे काय? फुकटच्या खेळात जाहिराती असतात, मध्येच पैसे भरण्याचा आग्रह असतो. शिवाय ज्या घरात एकच फोन आहे, तिथे वडिलांना कामाचा निरोप त्यावरच येतो. मुलाने खेळून बॅटरी संपविली तर दिवसाची हजेरी बुडते. अशा घरात वेगळा साधा गेम ही चैन नव्हे, सोय आहे.

खेळणे ही मुलाची गरज आहे. त्यासाठी त्याला रागावू नये. यंत्र, खेळ, दुरुस्ती असे तीन रकाने आखून त्याच्याकडूनच बेरीज करून घ्यावी. घरात पैसा कुठून येतो आणि कुठे जातो, हे त्यालाही कळले पाहिजे. बेरीज त्याच्या हातची असेल, तर ‘नाही’ हा शब्द त्याला अन्याय वाटणार नाही.