कात्रजचा घाट आणि वाघ-शेळीचा डाव

एखाद्यानें दुसऱ्यास चकवून भलत्याच वाटेला लावलें, म्हणजे ‘त्यानें कात्रजचा घाट दाखविला’ असें आपण सहज म्हणून जातों. हा घाट पुण्याच्या दक्षिणेस, साताऱ्याच्या रस्त्यावर आहे. इ. स. १६६३ च्या एप्रिल महिन्यांत शिवछत्रपतींनीं मोजक्या लोकांनिशीं लाल महालांत शिरून शाएस्तेखानावर छापा घातला. खानाचीं बोटें तुटलीं आणि महाराज निसटले. त्या रात्रीं कात्रजच्या घाटांत गुरांच्या शिंगांना पेटते पलिते बांधून तीं वर हांकलण्यांत आलीं, मोंगलांची फौज त्या उजेडामागें धांवली आणि मराठे दुसऱ्या वाटेनें सिंहगडाकडे निघून गेले, अशी परंपरागत कथा आहे. इतिहासाच्या कसोटीला ती कितीही उतरो वा न उतरो. थोडक्यांनीं बलाढ्याशीं कसें वागावें, याचें मराठी मनाला पटलेलें उत्तर तींत आहे.

हेंच उत्तर पाटावर बसल्या बसल्या शिकविणारा एक जुना खेळ आपल्याकडे आहे. त्याला कोणी ‘वाघ-शेळी’ म्हणतात, कोणी ‘वाघ-बकरी’. लेण्यांतील ओट्यांवर आणि गडांवरील कातळांवर अशा खेळांचे कोरीव पट आजही आढळतात. तमिळ देशांत ‘आडु पुलि आट्टम’ या नांवानें तीन वाघ व पंधरा शेळ्यांचा डाव मांडतात. नेपाळांतील ‘बाघचाल’ चार वाघ व वीस शेळ्यांची. पट आणि आकडे गांवोगांवीं बदलतात, तत्त्व मात्र एकच. बुद्धिबळांत दोन्ही सैन्यें सारखीं असतात. येथें एकाकडे थोडे पण बलिष्ठ वाघ, आणि दुसऱ्याकडे पुष्कळ पण एकेकट्या दुबळ्या शेळ्या.

नेपाळी पद्धतीचे नियम आटोपशीर असल्यानें तेच येथें देतों. पाटावर खडूनें पांच उभ्या व पांच आडव्या रेघा काढून मोठा चौकोन आंखावा. त्यांत सोळा लहान चौकोन व पंचवीस छेद मिळतील. मोठ्या चौकोनाचे दोन्ही कर्ण काढावे आणि चारी बाजूंचे मध्य तिरप्या रेघांनीं एकमेकांस जोडावे. सोंगट्या छेदांवर, म्हणजे घरांवर, ठेवावयाच्या. चार सुपाऱ्या हे वाघ. ते चार कोपऱ्यांत बसवावे. वीस चिंचोके या शेळ्या. त्या हातांत ठेवाव्या.

पहिली खेळी शेळ्यांची. शेळीवाल्यानें दर खेपेस एक शेळी कोणत्याही मोकळ्या घरीं ठेवावी. विसावी शेळी पटावर येईपर्यंत एकीलाही हलवितां येत नाहीं. वाघानें आपल्या खेळीस रेघेवरून एक घर सरकावें, किंवा शेजारच्या शेळीवरून सरळ रेषेंत उडी मारून लगतच्या मोकळ्या घरीं उतरावें. ती शेळी मेली. लागोपाठच्या दोन शेळ्यांवरून किंवा दुसऱ्या वाघावरून उडी नाहीं. मारलेंच पाहिजे असाही नियम नाहीं. सर्व शेळ्या मांडून झाल्या म्हणजे त्याही एकेक घर चालूं लागतात. पांच शेळ्या मेल्या कीं वाघ जिंकले. चारी वाघांना हालचाल करावयास जागा उरली नाहीं कीं शेळ्या जिंकल्या.

आतां डावाचें मर्म. कांठावरच्या शेळीवरून वाघाला फक्त कांठाच्याच रेघेनें उडी घेतां येते, आणि कोपऱ्यांतली शेळी तर मरतच नाहीं. म्हणून नवशिक्यानें आधीं कांठ धरावा. पहिली शेळी कांठाच्या मध्यावर ठेवणें चांगलें. तेथें कोणताही वाघ तिच्या शेजारीं नसतो. वाघ जवळ सरकला, तर तिच्या पलीकडच्या घरीं दुसरी शेळी ठेवून त्याचें उतरण्याचें ठिकाण बंद करावें. पाठीशीं कोणी उभें असेल तर दुबळ्यालाही मारतां येत नाहीं, हा या पटाचा पहिला धडा होय.

दुसरा धडा हिशेबाचा आहे. वाघ पटाच्या मध्यावर असला तर त्याला आठ वाटा; त्या बंद करावयास शेजारचीं आठ आणि त्यांच्या पाठचीं आठ, मिळून सोळा घरें भरावीं लागतात. तोच वाघ कोपऱ्यांत असला तर तीन व तीन, अशीं सहा घरें पुरतात. तेव्हां त्याला कोपऱ्याकडे न्यावयाचें कसें? येथें कात्रजचा घाट उपयोगीं पडतो. उडी मारणाऱ्या वाघानें कोठें उतरावयाचें हें त्याच्या मर्जीवर नसतें; शेळीच्या पलीकडचें घर हेंच त्याचें ठिकाण. सोयीच्या जागीं एक शेळी उघडी टाकावी. लोभी वाघ तिला मारून कोपऱ्याशीं येतो आणि मागची वाट बुजते. मात्र आमिषालाही मोल पडतें. चारापर्यंत शेळ्या गेल्या तरी डाव जिवंत असतो, पांचवीबरोबर तो संपतो. कोंडी तयार नसतां टाकलेलें आमिष हा डावपेंच नव्हे, निव्वळ तोटा होय.

या खेळाची परीक्षा यंत्रानेंही झाली आहे. सिंगापूरचे लिम यू जिन आणि झूरिकचे युर्ग नीवरगेल्ट या संगणकशास्त्रज्ञांनीं बाघचाल तपासली. दोन्ही पक्षांनीं बिनचूक खेळ केला तर डाव बरोबरींत सुटतो, हा त्यांचा निष्कर्ष २००९ सालीं ग्रंथांत प्रसिद्ध झाला. म्हणजे दिसावयास दुबळा असलेला पक्ष नियमानें दुबळा नाहीं. शेळ्या हरतात त्या बहुधा उतावळेपणानें.

आमच्या मतें पालकांनीं लक्ष द्यावें तें येथेंच. घरीं पट मांडला कीं थोरला मुलगा वाघ बळकावतो आणि धाकट्या बहिणीच्या वाट्याला शेळ्या येतात. ती हरली कीं ‘तुला खेळतां येत नाहीं’ असें ऐकून मुकाट्यानें उठते. वस्तुतः कठीण बाजू तिची असते. वाघाला एका उडीपुरतें पाहून भागतें. शेळ्या राखणारीला सारा पट पाहावा लागतो. आणि जन्मांत बहुतेकांच्या वांट्याला वाघाचें बळ येत नाहीं, मुलाच्याही नाहीं. तेव्हां शेळ्यांची बाजू न शिकल्यानें नुकसान दोघांचेंही आहे.

कात्रज येथें १९९९ पासून राजीव गांधी प्राणिसंग्रहालय आहे, आणि सुटीच्या दिवशीं मुलांना तेथें वाघ दाखवावयास पुष्कळ कुटुंबें जातात. वाघ पाहून आल्यावर त्याच संध्याकाळीं पाट, खडू, सुपाऱ्या व चिंचोके घेऊन बसावें. डाव नेहमीं दोन खेळावे. दुसऱ्या वेळीं बाजू बदलाव्या, आणि बरोबरी झाली तर ज्याच्या शेळ्या कमी मेल्या त्याची सरशी धरावी. थोरल्याला मात्र पहिल्या डावांत शेळ्याच द्याव्या.