विश्लेषण : आकाशात विमाने एकमेकांना चुकवतात कशी? आणि चुकवता चुकवता जवळ आली, तर सांगणार कोण?

जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ भागात, वांगणीसारख्या गावात रात्री अंगणात उभे राहिले की मुंबईच्या दिशेने सरकणारे लुकलुकते दिवे दिसतात. उत्तरेकडून मुंबईला येणारी कितीतरी विमाने पालघर जिल्ह्यावरूनच जातात. (खाली मोबाइलला रेंज मिळवायला टेकडी चढावी लागते, हा भाग वेगळा.) रेंज असेल तर फ्लाइटरडार24 वर हीच विमाने पिवळ्या चिन्हांच्या रूपात दिसतात. कधीकधी दोन चिन्हे चक्क एकमेकांवर चढलेली असतात. त्याचा स्क्रीनशॉट ‘थोडक्यात वाचले’ म्हणून व्हॉट्सॲपवर फिरवण्याआधी दोन्ही चिन्हांवर बोट टेकवून उंची पाहावी. बहुतेक वेळा दोघांत किमान हजार फुटांचा फरक असतो आणि नियमानुसार तेवढा पुरेसा आहे.

7 फेब्रुवारी 2018 रोजी तो नव्हता.

त्या दिवशी काय झाले?

मुंबईहून भोपाळला निघालेले एअर इंडियाचे विमान 27,000 फुटांवर होते. दिल्लीहून पुण्याला येणारे विस्ताराचे विमान मुंबईच्याच हवाई हद्दीत जवळपास 27,100 फुटांवर आले. म्हणजे उंचीतला फरक शंभर फूट, एखाद्या दहा मजली इमारतीएवढा. विस्ताराच्या विमानाला 29,000 फुटांवर राहायला सांगितले होते, अशी माहिती तेव्हा बाहेर आली. वैमानिक नियंत्रण कक्षाच्या सूचनेप्रमाणेच उडत होते, असे विस्ताराचे म्हणणे होते. वाद कागदावर चालू राहिला. आकाशात तो ‘टीकॅस’ने मिटवला.

टीकॅस म्हणजे काय?

प्रत्येक प्रवासी विमानात ट्रान्सपॉन्डर असतो. तो आपली ओळख आणि उंची सतत सांगत राहतो. टीकॅस आसपासच्या विमानांच्या ट्रान्सपॉन्डरना विचारून कोण किती जवळ येतेय याचे गणित करते. धोका दिसला की आधी ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’ असा इशारा देते. टक्कर साधारण 25 सेकंदांवर आली की थेट हुकूम सोडते : वर जा किंवा खाली जा. दोन्ही विमानांतील यंत्रणा आपसात ठरवून एकाला वर आणि दुसऱ्याला खाली पाठवतात.

25 सेकंद कमी वाटतात, आणि ते कमीच आहेत. ताशी 850 किलोमीटरने समोरासमोर येणाऱ्या दोन विमानांमधले 10 किलोमीटर अंतर 21 सेकंदांत संपते. डोळ्यांनी पाहून विमान वळवायला तेवढा वेळ पुरत नाही.

मग कंट्रोलर कशाला?

कारण टीकॅस ही शेवटची जाळी आहे. तिथपर्यंत वेळ येऊ न देणे हे एअर ट्रॅफिक कंट्रोलरचे काम. रडारवर तो विमानांमध्ये बाजूने किमान 3 ते 5 नॉटिकल मैल, म्हणजे साधारण साडेपाच ते सव्वानऊ किलोमीटर, किंवा उंचीत हजार फूट अंतर राखतो. सरळ उडणाऱ्या विमानांचे फारसे अवघड नसते. एक चढतेय, दुसरे उतरतेय आणि मध्ये तिसऱ्याची वाट आडवी आहे, तिथे कस लागतो. मुंबईच्या आसपास दिवसभर हेच चालते.

हा धडा भारताने फार महाग शिकला. 12 नोव्हेंबर 1996 रोजी हरियाणातील चरखी दादरीवर सौदी आणि कझाक विमानांची टक्कर होऊन 349 जण गेले. येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांना एकच मार्ग होता आणि दिल्लीच्या रडारवर विमानाची उंची दिसतच नव्हती. कझाक विमान 15,000 फुटांची परवानगी असताना त्याखाली उतरले. त्यानंतर भारतात टीकॅस सक्तीचे झाले.

पण यंत्र बसवले म्हणजे प्रश्न सुटला, असेही नाही. 1 जुलै 2002 रोजी जर्मनीतील उबरलिंगनवर टीकॅसने रशियन वैमानिकांना वर जायला सांगितले, कंट्रोलरने खाली. त्यांनी कंट्रोलरचे ऐकले. 71 जणांचा मृत्यू झाला. त्या रात्री झुरिकच्या कक्षात एकच माणूस दोन पडद्यांवर काम करत होता. सहकारी विश्रांतीला गेला होता आणि फोनची मुख्य लाइन दुरुस्तीसाठी बंद होती. आता नियम स्पष्ट आहे : टीकॅसचा हुकूम कंट्रोलरच्या वर. चर्चा याच नियमाची होते. एका माणसावर दोघांचे काम का पडले, हा प्रश्न मागे राहतो.

आपल्याकडे हा प्रश्न कुठे आहे?

फार लांब नाही. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे प्रत्यक्षात एका वेळी एकच वापरता येते. 2024 च्या सुरुवातीला गर्दीच्या वेळची उड्डाणे-उतरणी तासाला 46 वरून 44 वर आणण्याचे आदेश निघाले. तरी 8 जून 2024 रोजी एअर इंडियाचे विमान धावपट्टीवरून उडत असतानाच मागे इंडिगोचे विमान उतरले. कंट्रोलरला कामावरून बाजूला केले गेले. चौकशी चालू असताना ते रास्तही आहे. पण दर 80 सेकंदांना एक विमान हलवणाऱ्या खुर्चीवरचा माणूस बदलला, तरी ते 80 सेकंद वाढत नाहीत.

2025 मध्ये अहमदाबाद दुर्घटनेनंतर संसदेच्या स्थायी समितीने हवाई सुरक्षेचा आढावा घेतला. त्यात कंट्रोलरांची कमतरता, थकवा आणि ड्युटीच्या तासांचे नियम पूर्णपणे न पाळले जाणे यावर बोट ठेवले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. दोन विमानतळ, आकाश तेच. पालघरला वाढवण बंदराजवळ तिसऱ्याची घोषणा झालेली आहे. विमानतळाच्या कोनशिला बसतात तेव्हा टर्मिनलची क्षमता सांगितली जाते. त्यासाठी किती कंट्रोलर तयार आहेत, हे एकदाही सांगितले जात नाही. ते सांगणे परवानगीची अट असायला हवी.

दुसरी गोष्ट नोंदींची. जानेवारी 2022 मध्ये बेंगळुरूत इंडिगोची दोन विमाने समांतर धावपट्ट्यांवरून जवळपास एकाच वेळी उडाली आणि एकमेकांच्या वाटेत आली. एकच धावपट्टी वापरायचा निर्णय झाला होता. तो दुसऱ्या धावपट्टीच्या कंट्रोलरपर्यंत पोहोचलाच नाही. रडारवरच्या कंट्रोलरने वेळीच दोघांना वेगळ्या दिशांना वळवले. त्या प्रसंगाची लॉगबुकात नोंद नव्हती, असे तेव्हाच्या बातम्यांतून समोर आले. लोकांना तो कळला दहाएक दिवसांनी, बातमी फुटल्यावर.

ब्रिटनमध्ये अशा प्रत्येक जवळिकीचा अहवाल एअरप्रॉक्स बोर्ड नावे न देता वेबसाइटवर टाकते. कोणीही उघडून वाचू शकतो. आपल्याकडे तशी यादी करायला नवे रडार लागत नाही.