खोक्यावर ओआरएस, आत सरबत

सरबताच्या खोक्यावर ठळक अक्षरांत ‘ओआरएस’, म्हणजे जुलाबांत द्यायच्या जलसंजीवनीचं नाव, छापायचं आणि त्याच खोक्यावर बारीक अक्षरांत कबूल करायचं, की हा जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेला ओआरएस नाही! हा निर्लज्जपणा आपल्या देशात कायदेशीर होता. एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने एप्रिल 2022मध्ये हे नाव वापरायला मनाई केली आणि जुलैत या बारीक अक्षरांच्या अटीवर मुभा दिली. तीन महिन्यांत माणसाचं आतडं बदललं होतं का?

बंगळूरमधल्या आमच्या कोरमंगलात या धंद्याला रानच मोकळं होतं. घरपोच सेवा देणारी स्विगी 2014 साली इथेच जन्मली. दहा मिनिटांत वाट्टेल ते दारात हजर! रात्री दोनला जुलाबांनी पिळून निघालेला पोरगा मोबाइलवर ‘ओआरएस’ टाइप करायचा, त्याच्या हाती सफरचंदाच्या चवीच्या सरबताचं खोकं पडायचं. माझ्या आजारपणात माझ्या उशाशीही तेच येऊन बसलं होतं. डोळ्यांपुढे अंधारी येत असताना तळटीप वाचणार कोण? विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर ती तळटीप!

आता शास्त्र ऐका. आतड्याच्या पेशीत सोडियम आणि ग्लुकोज जोडीने शिरतात आणि पाणी त्यांच्यामागोमाग जातं. रॉबर्ट क्रेन यांनी 1960 साली ही जोडी मांडली. म्हणून प्रमाण काटेकोर: लिटरभर पाण्याला 13.5 ग्रॅम ग्लुकोज, 2.6 ग्रॅम मीठ, 1.5 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, 2.9 ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट. खोक्यांतल्या सरबतात साखर याच्या कितीतरी पट, मीठ नावाला. जादा साखर परासरणाने शरीरातलंच पाणी आतड्यात ओढते आणि जुलाब वाढतात. औषधाच्या नावाने रोग विकायचा आणि वर त्याला चव द्यायची!

हे नाव कुणी कमावलं? 1971 साली बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीने माणसं पटापट मरत होती आणि सलाईन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ते नातेवाइकांच्याच हाती दिलं. तीस टक्क्यांच्या घरातलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं. ‘लॅन्सेट’ने 1978मध्ये या उपायाला शतकातला कदाचित सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध म्हटलं. महालनबीस ऑक्टोबर 2022मध्ये गेले, म्हणजे सरबतवाल्यांना मुभा मिळाली त्याच वर्षी. पद्मविभूषण मिळालं मरणोत्तर, 2023मध्ये. माणसाला पदक आणि त्याची पुण्याई बाजारात!

ही लबाडी थांबवायला हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांना सुमारे आठ वर्षं झगडावं लागलं. शेवटी 14 ऑक्टोबर 2025ला प्राधिकरणाने मुभा मागे घेतली. तर कंपन्या धावल्या दिल्ली उच्च न्यायालयात, कशासाठी? गोदामातला माल खपवायला! पोरांच्या आतड्यांपेक्षा गोदामाची काळजी मोठी. अशांबद्दल मला तिरस्काराखेरीज काहीही वाटत नाही.

आणि आमचे सुशिक्षित? खऱ्या ओआरएसच्या वीस-पंचवीस रुपयांच्या पुडीवर यांचा विश्वास बसत नाही. सेंट जॉन्ससारखं वैद्यकीय महाविद्यालय हाकेच्या अंतरावर, तरी गल्लीतल्या दवाखान्यात जाऊन ‘एक सलाईन लावाच’ म्हणून हट्ट धरतात. उलटी थांबलेल्या, घोट घोट पिऊ शकणाऱ्या माणसाला सुई कशाला?

तेव्हा औषधाच्या दुकानात जा आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची पुडी मागा. पुडीवर लिहिलंय तेवढ्याच स्वच्छ पाण्यात ती अख्खी विरघळवा, घोट घोट प्या आणि 24 तासांनी उरलेलं फेकून द्या. लहान मुलाला डॉक्टरांना विचारून 14 दिवस झिंकही द्या. लघवी होईनाशी झाली, डोळे खोल गेले, गुंगी आली किंवा शौचातून रक्त पडलं, तर मोबाइल खाली ठेवा आणि थेट इस्पितळ गाठा.