गाडी तुमची, एसओएस भाड्याचा

ह्युंदाईची व्हेन्यू २०१९ मध्ये आली तेव्हा तिच्यातली ब्लूलिंक सेवा तीन वर्षे मोफत होती, पुढे पैसे. अशा गाड्यांत बसवलेले ई-सिम चालू असेल तरच मोबाइलवर ठावठिकाणा दिसतो आणि एसओएसचा कॉल मदत केंद्राला जातो. मोबाइलवरून एसी लावण्याचे पैसे खुशाल घ्या. पण मुदत संपली म्हणून अपघातातली मदतही बंद? मोफत मुदत आणि नंतरचा दर कोटेशनवरच छापायला हवा.

डहाणू तालुक्यातल्या सायवनसारख्या डोंगराळ भागात रेंज गेली, तर पैसे भरूनही ते बटण गप्पच. सेकंडहँड गाडी घेताना आधीच्या मालकाला ॲपमधून गाडी काढायला लावा. नाहीतर ती कुठे उभी आहे, हे त्यालाही दिसू शकते.