दोन एकरांचा ठिपका
परवा औरादच्या बसस्टँडवर चहा पिताना शेजारच्या बाकावर बांधाचं भांडण रंगलं होतं. ‘दीड फूट कोरला की हो त्यानं, काका!’ मला आपला भलताच स्टुडसॅट आठवला. 12 जुलै 2010 ला श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी15 नं नेलेला, किलोभर तूरडाळीपेक्षाही हलका उपग्रह. बनवणारे बेंगळुरू आणि हैदराबादच्या 7 अभियांत्रिकी कॉलेजांतले विद्यार्थी. (औराद 1956 पर्यंत हैदराबादकडं, नंतर बेंगळुरूकडं, म्हणजे दोन्हीकडून हक्क आमचाच.) पृथ्वीचे फोटो काढायला त्यात कॅमेरा होता, 90 मीटर क्षमतेचा. फोटोतला एक ठिपका म्हणजे 90 बाय 90 मीटर जमीन. हिशेब करून बघा, जवळजवळ बरोब्बर दोन एकर! त्यात बांध कसला दिसतोय? अशा उपग्रहाला पोरखेळ म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. तूर आठवड्यात वाळते, मांजरेचा पूर एका रात्रीत पसरतो. अशा वेळी क्वचित फिरकणाऱ्या एका महागड्या डोळ्यापेक्षा रोज डोक्यावरून जाणारे डझनभर स्वस्त डोळे हवेत, मग ते थोडे अधू का असेनात. काकांना हे सगळं सांगितलं. त्यांनी चहा संपवला आणि मोजणीदाराचा नंबर विचारला.