स्वस्त विम्याचा हिशेब



घरभेटीला गेलो की अलीकडे एकच प्रश्न येतो : "फादर, विमा पंचवीस लाखांचा आणि हप्ता थोडका. घ्यावा का?" कागद पाहिले तर तो टॉप-अप निघतो. त्यात ठरलेली रक्कम, समजा 3 लाख, आधी आपण सोसायची. त्यावरचा खर्च कंपनी देणार. साधा विमा मात्र नियमात बसणारा खर्च सुरुवातीपासून देतो, म्हणून त्याचा हप्ता जड.

रोप लावणीच्या दिवसांत आपल्यातील एका घरी ऑपरेशन झाले. बिल 90,000 रुपये. हातात टॉप-अप होता. एक पैसाही मिळाला नाही. दुभती म्हैस विकावी लागली. कंपनीने फसवले नव्हते. अट कोणी वाचली नव्हती.

शेतकऱ्याचा पैसा सुगीला येतो, आजार मात्र सुगी पाहून येत नाही. म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, ज्या घरात 3 लाख शिल्लक नाहीत त्याने टॉप-अप एकटा घेऊ नये. आधी सरकारी योजना पाहावी. आपल्या कर्नाटकात बीपीएल कार्डावर आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात. एपीएल कार्डाला सरकारी दराच्या 30 टक्केच, तेही दीड लाखापर्यंत. सहकारी सोसायटीच्या सभासदांनी यशस्विनीचीही चौकशी करावी. त्यानंतर झेपेल तेवढा साधा विमा घ्यावा आणि त्यावर टॉप-अप चढवावा.

त्यातही 'सुपर' शब्द पाहून घ्यावा. एका वर्षात अडीच-अडीच लाखांची दोन आजारपणे आली, तर 3 लाखांच्या अटीचा साधा टॉप-अप काहीच देत नाही, कारण तो प्रत्येक बिल वेगळे मोजतो. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज धरून 2 लाख देतो. खिशातून भरलेल्या पैशांच्या पावत्याही जपाव्यात.

अर्जात साखर, रक्तदाब लपवू नये. ते असत्य तर आहेच, शिवाय ऐन वेळी त्याच कारणाने पैसे नाकारले जातात.

बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असे प्रभू येशूने शिकवले. सही करण्यापूर्वी आपणही तसेच बसावे. मिस्सानंतर कागद घेऊन या. आपण मिळून वाचू.

आपला धर्मगुरू